आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेनं मला परभणीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. दहावीच्या मुलांना पुढं काय शिकावं ते सांगायला प्रत्येक शाळेत एक शिक्षक तयार करायचा होता. मला पाठवलं, कारण दुसरं कुणी जायला राजी नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा तापलेला. एस्टी वेळेवर सुटेल की वाटेतच अडकेल, याचा नेम नसायचा.

सोनपेठच्या शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवत होते. अलीकडं सकाळी शाळेची घंटा ऐकली की मागं फिरावंसं वाटायचं. मुलं वाईट नव्हती, हेडमास्तर वाईट नव्हते. नुसता कंटाळा. पण हे बोलायचं कुणाजवळ? बाईमाणसाला कायमची नोकरी आहे, याचंच लोकांना अप्रूप होतं.

तिसऱ्या दिवशी शिकवायला आलेल्या सरांनी आम्हाला सायक्लोस्टाइल केलेली पानं वाटली. आवडीनिवडीची चाचणी. मुलांना देण्याआधी ती स्वतः सोडवायची. प्रश्न साधेच होते. बिघडलेलं घड्याळ उघडून पाहायला आवडेल का? आजारी माणसाजवळ बसायला आवडेल का? प्रत्येक प्रश्नापुढं तीन चौकोन : आवडतं, आवडत नाही, सांगता येत नाही.

कामांच्या प्रकारांनुसार खुणांची बेरीज झाली तेव्हा मी कागद पदराखाली घेतला. आकडेमोड माझ्या यादीत जवळजवळ तळाला होती. सगळ्यात वर होती उघड्यावरची, रानातली, चालण्याफिरण्याची कामं.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "सर, मी चुकीच्या नोकरीत आले का?"

"बाई, हा कागद नोकरी सोडा म्हणत नाही," ते म्हणाले. "जे आवडतं, त्यातलं चिमूटभर तरी तुमच्या आठवड्यात येतं का, एवढंच विचारतो. येतं का?"

मी आठवडा आठवून पाहिला. घर, शाळा, घर. काहीच येत नव्हतं.

रविवारी घरी जायची मुभा होती आणि सोबत एक काम होतं : घरातल्या दोन मोठ्या माणसांकडून चाचणी भरून आणायची. माझ्या घरी मोठी माणसं दोनच, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, मीही. बाजारओळीत, घराच्याच पुढच्या भागात, आमचं किराणा दुकान होतं. अप्पांनी ते उभं केलं होतं आणि आता बापलेक मिळून चालवत होते.

दुपारी जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला प्रश्न वाचून दाखवले. घड्याळाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यानं खूण केली. यंत्रांचा एकेक प्रश्न आला की तो सरसावून बसायचा. मी बेरीज दाखवली तर हसला. "हे मला ठाऊकच होतं की. पण कधी कुणी विचारलं?"

अप्पा कपाळाला विभूती लावून झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पहिली दोन पानं एका शब्दात उडवली. "न्हाई. न्हाई. फुडं वाच." मग प्रश्न आला : जुने कागद किंवा दुसऱ्या भाषेतला मजकूर वाचायला आवडेल का?

झोपाळा थांबला.

"उर्दू चालंल का, सूनबाई?"

निजामाच्या काळात ते सातवीपर्यंत उर्दूत शिकले होते, हे मला त्या दिवशी कळलं. "मास्तर मला उभं करून वाचायला लावायचे. आवाज लय साफ होता माझा. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, मग दुकान लागलं पाठीमागं. इतक्या वर्षांत एक ओळ वाचली न्हाई. कोण ऐकायलंय आता?"

मी 'आवडतं'वर खूण केली. त्यांच्या सगळ्या कागदावर तेवढी एकच खूण होती.

शाळा सुरू झाल्यावर मी भूमितीचा तास वर्गाबाहेर नेला. लिंबाच्या झाडाची सावली मोजून झाडाची उंची काढली. दोरीनं शाळेमागचं रान मोजलं. हेडमास्तर खिडकीतून बघायचे.

घरी मात्र ठिणगी पडली. नवऱ्यानं समोरच्या शिंप्याचं बंद पडलेलं मशीन दुकानात आणून उघडलं. अप्पा भडकले.

"तेलकट हातानं गुळाला शिवायलास? गिऱ्हाईक थांबंल का? हे दुकान हाय का लोहाराचा भाता?"

नवऱ्यानं मशीन सोडलं नाही. आठवडाभर दोघं एका छपराखाली पाठीला पाठ लावून बसले.

मग बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आली. गोदाकाठच्या गावची शेतकरीण, एकटीच. तिच्याकडं पिवळा पडलेला उर्दू कागद होता. कचेरीत कुणाला वाचता येत नव्हता. नवरा मशीनमधून मान वर काढून म्हणाला, "अप्पा वाचतील."

"इसरलो मी," अप्पा म्हणाले. पण हात चष्म्याकडं गेलाच.

मी नुकतीच शाळेतून आले होते, दारातच थांबले. अप्पा आधी अडखळले, बोटानं एकेक अक्षर चाचपत राहिले. मग आवाज मोकळा झाला. रानाच्या चतुःसीमा, कुणाच्या बांधाला कुणाचा बांध, आणि शेवटी मालकाचं नाव, त्याच्या बापाच्या नावासकट.

"माझा बाप हाय त्यो," म्हातारी म्हणाली. "लहान व्हते तवाच गेला. त्याचं नाव असं मोठ्यानं कुणी घेतलेलं ऐकलं न्हाई कधी. परत एकडाव वाचा, अप्पा."

त्यांनी ते तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी नाव घेताना उभे राहिले. ती गेल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाले, "त्या कडंला एक फळी मारून घे. मशीन तिथं ठेव. गुळाजवळ नको."

मग बाजाराच्या दिवशी लोक कागद घेऊन येऊ लागले. अप्पा खूप वर्षं वाचत राहिले. मला अलिफ बे, म्हणजे उर्दूची मुळाक्षरं, शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण माझी मजल स्वतःचं नाव लिहिण्यापुढं गेली नाही.

माझा कंटाळा काही कायमचा गेला नाही. काही सकाळी तो यायचाच. पण झाडाच्या सावल्या मोजायच्या दिवशी यायचा नाही. आता अप्पा नाहीत, दुकान नाही, मीही निवृत्त झाले. तेव्हा बाजाराच्या दिवशी चार वाजता पायांना काळी माती लागलेली मी घरी यायची, एका अंगाला लोखंड घासणाऱ्या नवऱ्याच्या कानशीची करकर आणि दुसऱ्या अंगाला अप्पांचा तो खणखणीत उर्दू आवाज. आत जाऊन चहा टाकायचं सोडून मी पायरीवर ऐकत बसायची.