उंच हो रं

सोलापुरात आमच्या गल्लीतल्या बाळांना न्हाऊ घालायला एकच मावशी यायच्या. मला त्यांचा रागच यायचा. बाळाला पायांवर घेऊन खांदे, खुबे रगडायच्या, उजवं कोपर डाव्या गुडघ्याला टेकवायच्या. बाळ ओरडलं की म्हणायच्या, "रडू दे की, हाडं मोकळी व्हत्यात." शेवटी दोन्ही पाय धरून हलकेच ओढायच्या. "लई उंच हो रं, राजा."

माझ्या बहिणीचं बाळ बारशाआधीच गेलं. मावशी न बोलावता आल्या. "रडा तुमी, पर कुणीतरी तेल कोमट करा. गार तेल लावत न्हायत लेकराला."

मग त्याला पायांवर घेऊन त्यांनी एकेक सांधा हळूहळू चोळला. शेवटी दोन्ही पाय धरले आणि तशाच बसून राहिल्या. ओढले मात्र नाहीत.