मृत्यूसमयी हजर

कल्पना करा, तुमच्या हातात कोर्टाचं पत्र आहे. तुम्हाला घटस्फोट मिळण्याचा हक्क आहे हे कोर्टाला पटलं, असं त्यात लिहिलंय. आता सांगा, तुमचा घटस्फोट झाला का?

ग्लेंडा सोअरबीला वाटलं, झाला. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात माशांचे काटे काढण्यात तिची तीस वर्षं गेली होती. पत्र आलं त्या दिवशी तिने सोबतिणींना मासे-चिप्स खाऊ घातले. नऊ वर्षं तिच्यासोबत राहिलेला डेस्मंड तेव्हा हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात होता. फुप्फुसाचा कॅन्सर. मरण्याआधी तिच्याशी लग्न करायचं, एवढंच त्याला हवं होतं.

लग्नाच्या निबंधकांनी तो कागद परत केला. म्हणून ती वाचनालयात माझ्या टेबलाशी आली. तिथे मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते.

"हा सशर्त आदेश आहे," मी म्हटलं. "याच्यानंतर त्रेचाळीस दिवसांनी अंतिम आदेशाचा अर्ज करायचा. आज अठरावा."

"म्हणजे मी अजून ट्रेवरची बायको?"

"कायद्याने, हो."

"अकरा वर्षांत तोंड पाहिलं नाही त्याचं. कायद्याला चष्मा लागलाय, पोरी."

मुदत कमी करावी म्हणून आम्ही अर्ज केला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. डेस्मंड म्हणाला, "त्रेचाळीस दिवस? मी बससाठी एवढा कधी थांबलो नाही, ग्लेन."

अर्ज केल्यापासून पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. ग्लेंडाने हात धरला होता. मुदत कमी केल्याचं कोर्टाचं उत्तर त्यानंतर दोन दिवसांनी आलं.

ही २०२३ ची गोष्ट. मृत्यूची नोंद करायला मी तिच्यासोबत गेले. कारकुनाने नातं विचारलं. ती म्हणाली, "आम्ही एकत्र राहायचो." त्याने मान हलवली आणि नात्याच्या रकान्यात टाइप केलं: मृत्यूसमयी हजर.

"सलाइनचा स्टँडही हजर होता," ग्लेंडा म्हणाली. "त्याचंही नाव घाला."

कारकुनाने छापायचं बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा माझ्याकडे आली. अंतिम आदेशाचा अर्ज स्क्रीनवर उघडा होता. भरायला चार मिनिटं लागतात.

"भरला नाही, तर मी मेल्यावर माझ्या दाखल्यात ट्रेवरची बायको म्हणून लिहितील. भरला, तर ट्रेवरची घटस्फोटित." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग डेसचं नाव कुठल्या रकान्यात येतं?"