तिसऱ्या रांगेतली पोट्टी

मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीत, मोहगावच्या पुढच्या एका खेड्यात मी मराठी शाळेत शिकवत होते. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. दर काही महिन्यांनी सौंसरला ट्रेनिंग. वरून आलेले साहेब हिंदीत बोलायचे: मुलं म्हणजे कच्चा माल, शाळा म्हणजे कारखाना, खर्च किती आणि निकाल किती ते बघा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. एका खेपेला हुकूम मिळाला, की मुलं हुशार, मध्यम, कमजोर अशी वेगळी काढा आणि जिथं निकाल लवकर मिळेल तिथं जोर लावा.

आमच्या हेडमास्तरांचा स्वतःचा संत्र्याचा बगीचा. त्यांना हे फारच पटलं. त्यांनी पोरांच्या तीन रांगा केल्या आणि पालकांच्या सभेत समजावलं, "बगीच्यात आपन तीन ढीग करतो ना, तसंच हाये हे." एरवी सभेत डुलक्या काढणारी माणसं माना हलवायला लागली. सरकारचं बोलणं पहिल्यांदाच कळलं, बापा!

सोमवारी तिसरी रांग रिकामी. कोणी भांडलं नाही, रागावलं नाही. तिसऱ्या ढिगातलं बारकं संत्रं पेटीत भरून नागपूरला कोण पाठवतं? भाडंही निघत नाही. कापसाची वेचणी चालू होती, पोरं वावरात गेली.

त्यांत पाचवीतली एक पोट्टी होती. सावकाश वाचायची, पण वाचायची. वेचणीला लागलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं. शाळा सुटल्यावर तशीच तिच्या वावरात गेले. फार कंटाळा आला होता, खरं सांगते, सगळ्याचाच.

तिचा बाप म्हणाला, "काहून चिडता बाई? मास्तरनंच त सांगतलं. मंग कायले शिकवा?"

"पोट्टी म्हणजे संत्रं आहे का हो?" मी ओरडलेच.

तो ओशाळला. म्हणाला, "न्या मंग. म्या कुठं अडवून राहिलो? तिलेच इचारा."

ती कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. मी म्हटलं, "चल गं, उद्यापासून ये."

"नाई बाई." तिनं मान वर केली नाही. "आता साऱ्या गावाले मालूम झालं ना."

"काय मालूम झालं?"

"मले काई येत नाई थे."

आणि ती पुढच्या झाडाकडं सरकली.