मावशींचे तीन एक

लोकांच्या घरी जाऊन कम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा आणि तापट डोकं हे त्यातलं माझं भांडवल. गिऱ्हाईक खुर्चीत बसून इथे दाब, तिथे दाब करायला लागलं की माझा तोल जातो. ‘उठा, मी बघतो,’ म्हणून मी त्याला उठवतो, स्वतः बसतो आणि पाच मिनिटांत काम उरकतो. बावीस वर्षं हेच केलं. या सवयीपायी एका बाईचं काय झालं ते सांगतो.

त्यांना सगळी गल्ली टायपिस्ट मावशी म्हणायची. एका वकिलाच्या कचेरीत चौतीस वर्षं टायपिंग केलेलं. पानात एक अक्षर चुकलं तर खोडरबराला हात न लावता अख्खं पान पुन्हा काढायच्या, आणि हे अभिमानानं सांगायच्या. नवरा गेल्यावर एकट्याच राहत होत्या. दोन खोल्या, खिडकीपाशी टेबल, टेबलावर कम्प्युटर. निवृत्तीनंतरही वकीलसाहेब हातानं लिहिलेले कागद पाठवायचे आणि मावशी ते टाइप करून द्यायच्या. मला ‘डॉक्टर’ म्हणायच्या. “या डॉक्टर, पेशंटनं पुन्हा डोळे मिटलेत.”

परगावी राहणाऱ्या मुलानं त्यांना नवा कम्प्युटर घेऊन दिला, तिथून हे सुरू झालं. जुना बटण दाबलं की थेट उघडायचा. नव्याला पासवर्ड आला. आईला सोपं जावं म्हणून मुलानं इंग्रजीत तिच्या मांजरीचं नाव आणि पुढे तीन एक, म्हणजे १११, असा पासवर्ड ठेवला, चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि परत गेला.

दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन. पासवर्ड चुकीचा आहे म्हणतो! मी गेलो, त्यांना उठवलं, चिठ्ठीत बघून टाइप केलं. उघडला.

“मी हेच तर करत होते,” मावशी म्हणाल्या.

“हेच केलं असतंत तर उघडला नसता का?”

आठवडाभरात पुन्हा फोन. मग पुन्हा. एकदा उघडला की मावशी तो बंदच करत नसत, पण वीज गेली की पहिले पाढे पंचावन्न. कधी चुकीचे प्रयत्न इतके झालेले असायचे की तो अर्धा तास कुणालाच दाद देत नसे, आणि आम्ही दोघं चहा पीत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो. मी कीबोर्ड बदलला. मोठ्या अक्षरांचं बटण चालू राहतंय का, भाषा बदलतेय का, सगळं पाहिलं. पासवर्ड काढूनच टाकतो म्हटलं, तर वकीलसाहेबांची ताकीद होती की अशिलांचे कागद आहेत, कुलूप हवंच. मी बसलो की पहिल्या फटक्यात उघडायचा. पासवर्ड मारताना पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, त्यामुळे मावशींनी काय मारलं हे कुणालाच दिसत नव्हतं.

सहाव्या खेपेनंतर मुलाचा फोन आला. “दादा, आई कशी वाटते तुम्हाला?” मी स्कूटर काढत होतो, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. “वय झालंय,” मी म्हणालो. “चिठ्ठी समोर असून चुकतात. विसरायला लागल्यात.” उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. मुलाकडून कळल्यावर वकीलसाहेबांनी कागद पाठवणं थांबवलं. गॅस बंद केला का, हे विचारायला सून रोज दुपारी फोन करायला लागली. चौथ्या महिन्यात ठरलं की आईला एकटीला ठेवायचं नाही, घर बंद करून तिला आपल्याकडे न्यायचं. मावशी तीन दिवस भांडल्या आणि चौथ्या दिवशी गप्प झाल्या.

कम्प्युटर खोक्यात भरायला मला बोलावलं. गेलो तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. “डॉक्टर, वकीलसाहेबांना एक पत्र टाइप करते, मग न्या,” असं म्हणत मावशी खुर्चीत बसल्या. माझ्या हातात चिकटपट्टी आणि दातात कात्री होती, म्हणून त्यांना उठवायचं राहून गेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून त्याची बोटं पाहिली.

मांजरीचं नाव त्यांनी चिठ्ठीकडे न बघता बिनचूक मारलं. मग हात वरच्या, आकड्यांच्या रांगेकडे गेलाच नाही. उजव्या हाताच्या अनामिकेनं मधल्या रांगेतला इंग्रजी एल दाबला. टक, टक, टक.

कात्री तोंडातून पडली. “मावशी, काय दाबलंत?”

“एक.”

“हा एक आहे?”

“मग? आमच्या मशीनला एकचा आकडा होता कुठे! छोटा एल मारायचा, तोच एक. चौतीस वर्षं मी असाच एक काढला.”

जुन्या टाइपरायटरवर एल आणि एक कागदावर सारखेच दिसत, म्हणून टायपिस्ट एकाच बटणात दोन्ही भागवत. बाईंचं डोकं शाबूत होतं आणि बोटं त्याहून शाबूत होती. मी ते तीन एल पुसले आणि त्यांचं बोट धरून वरच्या रांगेतल्या एकवर ठेवलं. तीनदा दाबलं. उघडला.

मला हसू फुटलं आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की कान तापले. तिथूनच मुलाला फोन लावला. “तुमच्या आईला काही झालेलं नाही. चूक माझी. मी न बघता बोललो.” सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, “दादा, आईला द्या.”

मावशींनी त्याचं ऐकून घेतलं. “नाही रे,” त्या म्हणाल्या, “ठरलंय तसंच करू. मी येते.”

मी भडकलो. “अहो मावशी, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुमच्याच बोटानं उघडला ना आत्ता?”

त्या रागावल्या नाहीत. “डॉक्टर, गॅस बंद केला की मी तीनदा जाऊन बघते. कुलूप लावून अर्ध्या जिन्यातून परत येते. पूर्वी असं नव्हतं. चार महिने तुम्ही सगळे म्हणालात विसरते, आणि मी ते मानलं. आता त्यातलं एक खोटं निघालं. बाकीचं कोण येऊन तपासणार?”

मावशींनी खणातून एक वही काढली. तारीख, वार, दूध घेतलं, गोळी घेतली, सुनेचा फोन आला. पानंच्या पानं भरलेली. पेनचं टोपण काढून त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

“हे एल आणि एकचं तुम्ही मला आज पहिल्यांदाच सांगताय ना? की आधीही सांगून झालंय?”

“आजच, मावशी.”

त्यांनी वहीत तसं लिहून ठेवलं.