नाकवाली मावशी

मावशी घरोघरी जाऊन गालिच्यांचे डाग काढायच्या. गालिच्यावर काय सांडलंय हे त्या गुडघे टेकून, वाकून, एका श्वासात सांगायच्या. लोणी, केसांचं तेल, यंत्राचं ग्रीस. एकदाही चुकल्या नाहीत. लोक त्यांना नाकवाली मावशी म्हणायचे, आणि मावशी ते नाव मिरवायच्याही. का नाही मिरवणार? दुसरं होतं काय मिरवायला!

गेल्या थंडीत त्यांना ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास येईनासा झाला. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही. नाकवालीचं नाकच गेलं म्हटल्यावर कामाला बोलावणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या पूर्वीसारख्याच वाकायच्या, श्वास घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, "काय सांडलं म्हणालात?"

एके दिवशी एका घरी त्यांनी असंच विचारलं, तेव्हा तिथली सून म्हणाली, "तेल हो. स्वयंपाकाचंच असणार, दुसरं काय?"

मावशींनी जाणत्यासारखी मान डोलावली. बिचाऱ्या सुनेला तरी काय ठाऊक? ती बाहेर गेली असताना सासऱ्यांनी आपली जुनी लाकडी खुर्ची जवसाच्या तेलाने चमकवली होती आणि वाटी गालिच्यावर उपडी केली होती. एरवी मावशींनी ते दारातूनच ओळखलं असतं.

जवसाच्या तेलाची त्यांना फार धास्ती. ते टिपलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या की आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. एक पॉलिशचं दुकान असं जळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तसल्या चिंध्या त्या पाण्यात बुडवून बाहेरच टाकून यायच्या. साध्या तेलाच्या मात्र धुवायला घरी आणायच्या.

डाग भलताच चिवट होता. मावशींनी आधी पावडर पसरून तेल शोषून घेतलं, मग स्पिरिटच्या चिंधीने त्या काठाकडून मध्याकडे टिपत राहिल्या. घासायचं नाही, घासलं की डाग पसरतो. चिंध्यांचा ढीग झाला. तो पिशवीत कोंबून त्यांनी घरी आणला आणि नवऱ्याच्या खाटेखाली सरकवला. गवंडीकाम करताना मजल्यावरून पडल्यापासून ते त्या खाटेवरच होते. कमरेखाली जीव नव्हता.

दुपारी मावशी दुसऱ्या कामाला निघाल्या.

"अगं, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का?" नवऱ्याने विचारलं.

आता आपलं बिंग फुटणार! मला वासच येत नाही हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण लाज आडवी आली. त्यांनी मान वर करून जोरात श्वास घेतला.

"छे हो! बाहेर कुणीतरी कचरा पेटवला असेल."

"तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," ते म्हणाले आणि निवांत डोळे मिटून पडले.

बाहेरच्या धुराचा त्यांना त्रास नको म्हणून मावशींनी खिडकी घट्ट लावली, आणि नेहमीप्रमाणे दाराला बाहेरून कडी घालून त्या जिना उतरल्या.