पुडीवरचं पत्रक

माझंच पत्रक मला परत मिळालं, तेव्हा त्यात मिश्री बांधलेली होती.

धुळ्याला परत जाण्यासाठी मी गावातल्या किराणा दुकानाच्या पायरीवर एसटीची वाट बघत होते. एका बाईनं मिश्री मागितली. शांतीलाल शेठनी डब्यातली काळी पूड कागदावर ओतली, सफाईनं पुडी वळली. पुडीवर ठळक अक्षरं होती : 'मिश्री : घरात पाळलेला शत्रू'.

मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ती बोटानं दातांवर घासतात. हिरड्या बधिर होतात, दुखणं थांबल्यासारखं वाटतं, आणि दात मुळापासून उघडा पडत जातो.

"शेठ, हे काय?"

"पुडी आहे, मॅडम."

"हे माझं पत्रक आहे."

"हो? कागद बरा आहे. जरा पातळ आहे, एवढंच."

"तुमच्याकडे आलं कसं?"

"शाळेतली पोरं आली गठ्ठा घेऊन. म्हणाली, याच्या गोळ्या द्या. मी लिमलेटच्या दिल्या."

दात वाचवण्यासाठी छापलेल्या कागदाच्या बदल्यात पोरांनी लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. 

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. धुळ्यात दातांचा दवाखाना उघडून मला वर्षही झालं नव्हतं. दर गुरुवारी मी या गावच्या हायस्कूलमध्ये फुकट तपासणी करायचे. कुठेही अन्याय दिसला की आमच्या घरात आधी पत्रक निघायचं, मग जेवण. त्यामुळे तपासणीच्या आधीच पत्रक छापून तयार होतं. पाचशे प्रती, घरोघरी वाटायला शाळेतल्या पोरांकडे दिलेल्या. दाताचं चित्र मी स्वतः काढलं होतं.

आदल्याच गुरुवारी दहावीच्या वर्गात मला संगीता सापडली. पंधरा वर्षांची. खालचे पुढचे दोन दात हलत होते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये फट पडते, तिला आम्ही पॉकेट म्हणतो. त्यात कीटण साठलं होतं. तेव्हाच साफ केलं आणि मिश्री सुटली, तर दात वाचणार होते. वर्षभर थांबलं असतं तर दोन्ही हातात आले असते.

हे मी तिला एकटीला सांगायला हवं होतं. मी तिला वर्गासमोर उभं केलं.

"बघा," मी म्हणाले, "मिश्री काय करते ते बघा."

वर्गानं बघितलं. मागून कुणीतरी "मिसरीबाई" म्हणालं. संगीता खाली बसली आणि तिनं तोंड मिटलं. मी दवाखान्यात ये म्हणून चिठ्ठी दिली. ती आली नाही. या गुरुवारी शाळेतही आली नव्हती.

"मॅडम फार तापट आहेत," मुख्याध्यापक बोरसे सर म्हणाले. ते माझ्याशीच बोलत होते.

आणि आता ही पुडी. "उरलेली पत्रकं परत द्या," मी शेठना म्हणाले.

"निम्मी गेली, मॅडम. पण चिंता करू नका. अख्ख्या गावात पोचली. तुम्ही वाटली असती तर पोचली असती का?"

एसटी आली म्हणून भांडण तिथेच थांबलं.

पुढच्या सोमवारी माझ्या दवाखान्यात एक बाई आली. मागे संगीता, तोंडावर पदरासारखी धरलेली ओढणी. बाईनं चुरगळलेला कागद टेबलावर सरळ केला. मिश्रीचे डाग होते, पण पत्ता वाचता येत होता.

"तुमनाच कागद शे ना हाऊ?"

"माझाच."

बाई म्हणजे संगीताची आई, इंदूअक्का. त्यांना वाचता येत नव्हतं. पुडी सोडताना चित्र दिसलं. मी काढलेला दात त्यांना मुळ्यासारखा वाटला. कागदावर मुळा कशाला, म्हणून त्यांनी लेकीला विचारलं होतं, "हाऊ मुळा काबर काढेल शे?" मग संगीतानं चुलीपाशी बसून अख्खं पत्रक वाचून दाखवलं. हिरड्या, रक्त, हलणारे दात, सगळं.

"दात दुखे म्हनीसन मीच तिले मिसरी दिन्ही व्हती," अक्का म्हणाल्या. आवाज खाली गेला. "मन्ही पोरना दात पडतीन का?"

"नाही पडणार. पण आजपासून मिश्री बंद."

मी स्केलिंग सुरू केलं, म्हणजे कीटण खरवडून काढणं. मध्ये तिला चूळ भरू द्यायला थांबले तेव्हा संगीता पहिल्यांदा बोलली.

"तुम्ही वर्गात उभं केलं नसतं, तर मी तेव्हाच आले असते."

मी सॉरी म्हणाले. कॉलेजात ते शिकवत नाहीत. म्हणून नीट जमलं नाही, पण तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तोंड उघडलं.

"अक्का, तुमचेही दात बघू?"

"मन्हं ऱ्हाऊ द्या. आधी पोरनं पाहा."

तीन महिन्यांनी मी संगीताच्या त्या दोन दातांना उपकरणाच्या दांड्यानं ढकलून पाहिलं. हलले नाहीत. ती तोंड न झाकता हसली, तेव्हा अक्कांनी न सांगता खुर्चीवर बसून आ केला.

दुसरी आवृत्ती छापण्याआधी मी शांतीलाल शेठकडे गेले. त्यांनी नमुन्याचा कागद बोटांत चुरून पाहिला.

"हा ठीक. पुडी गळणार नाही. छपाई आत ठेवू की बाहेर?"

"बाहेर."

"बरं. आणि तो मुळा जरा नीट काढा."

या धंद्यात मी दोन गोष्टी शिकले. वर्गात कुणाला उभं करू नये. आणि पत्रक छापायचंच असेल, तर पुडी बांधता येईल अशा कागदावर छापावं.