केझाया मॅक्लिनची सही

नवरा एल्डन गेल्यापासून आर्डिथ ग्रेव्हली समोर येईल त्या कागदावर सही करत होती. दवाखान्याचा कागद, शवपेटीवाल्याचा कागद, ट्रक मुलाच्या नावावर करायचा कागद. कुणीतरी बोट ठेवून "इथे" म्हणायचं आणि ती तिथे नाव लिहायची. वाचायची नाही. आणि बाई कोण, तर गेली दहा-बारा वर्षं परक्यांचे, तेही दोनशे वर्षांपूर्वीचे कागद भिंग लावून वाचणारी!

नोव्हेंबरात तंबाखूची पानं निवडता निवडता एल्डन कोठारात बसल्या जागी गेला. आर्डिथ त्याला जेवायला हाक मारायला गेली, तेव्हा त्याच्या हातात पानांची जुडी तशीच होती. तिने आधी ती जुडी सोडवून बाकीच्या ढिगावर नीट ठेवली आणि मग घरात येऊन फोन केला. त्या दिवसापासून तिला रडू आलं नाही, राग आला नाही, भूकसुद्धा लागली नाही. बॅप्टिस्ट चर्चच्या बायकांनी महिनाभर झाकलेली भांडी आणून दिली, चिकन-भाताची, रताळ्याची, बटरबीन्सची. ती सिंकपाशी उभी राहून चार घास आत ढकलायची, भांडं घासायची आणि तळाच्या चिकटपट्टीवरचं नाव वाचून ज्याचं त्याला परत करायची. लोक म्हणाले, आर्डिथ खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाली होती.

एरवी बाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. वीस वर्षं तिने काउंटीच्या शाळेची पिवळी बस चालवली. बसमध्ये कुणी दंगा केला की आरशात बघून नुसतं त्याच्या आईचं नाव घ्यायची, पोरगं चिडीचूप. सकाळी मुलं शाळेत सोडली की दुपारपर्यंत वेळच वेळ. बाकीचे ड्रायव्हर घरी जाऊन टीव्ही बघायचे. आर्डिथ बस घेऊन थेट कोर्टाच्या चौकात यायची, ओकच्या सावलीत ती लांबलचक बस लावायची आणि तळघरात उतरायची. तिथे काउंटीचे सगळे जुने दस्त होते, व्हर्जिनियात इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं तेव्हापासूनचे.

शोध होता एका बाईचा. आर्डिथच्या आजीच्या बायबलमध्ये पहिल्या पानावर घराण्याची नावं होती आणि सगळ्यात वर लिहिलं होतं: ड्रुरी मॅक्लिन आणि पत्नी केझाया. ड्रुरीचा बाप ठाऊक, आजा ठाऊक, आजा कुठल्या जहाजातून आला तेही ठाऊक. केझाया कुणाची कोण, काही पत्ता नाही. आकाशातून पडल्यासारखी एकटीच. आर्डिथच्या आईने मरताना तेवढंच बोलून दाखवलं होतं, "त्या बिचारीला माहेर नाही गं." ते आर्डिथने मनाला लावून घेतलं.

आता त्या काळातली बाई कागदांत शोधायची म्हणजे दिव्यच. जमीन नवऱ्याची, बायकोच्या माहेरून आलेली असली तरी विकणार तोच, गुरं नवऱ्याची, सही नवऱ्याची. तिचं नाव निघायचं ते एकाच जागी. नवऱ्याने जमीन विकली की त्यात बायकोचा, विधवा झाली तर म्हणून, तिसरा हिस्सा असायचा, आणि तिने त्यावर पाणी सोडल्याशिवाय घेणाऱ्याला झोप यायची नाही. मग दोन मॅजिस्ट्रेट घोड्यावर बसून तिच्या घरी जायचे, नवऱ्याला बाहेर काढायचे आणि तिला एकटीला विचारायचे, बाई, राजीखुशीने हक्क सोडतेस ना? ती हो म्हणायची, ते लिहून घ्यायचे आणि तिचं हक्कसोडपत्र खरेदीखतामागे वहीत उतरायचं. आर्डिथने अशी शेकडो वाचली होती. सगळ्या हो म्हणाल्या होत्या.

यावरून शोध घेणाऱ्यांचा एक ठोकताळा ठरून गेलेला. खरेदीखत आहे पण मागे हक्कसोडपत्र नाही, म्हणजे बायको तोवर वारली. ड्रुरी मॅक्लिनने १७६३ साली नदीकाठची जमीन विकली, त्याच्यामागे हक्कसोडपत्र नव्हतं. म्हणून आर्डिथने वंशावळीच्या तक्त्यावर शिसपेन्सिलीने लिहिलं: केझाया, मृत्यू १७६३ पूर्वी. पुढच्या वर्षी ते शाईने गिरवलं. काउंटीच्या इतिहास मंडळाने तेच छापलं. बाईला सगळ्यांनी मिळून रीतसर पुरलं.

१९७९ च्या एप्रिलमध्ये, तंबाखूच्या रोपांवर पांढरी कापडं अंथरलेली होती त्या दिवसांत, लेलंड तिला घेऊन कोर्टाच्या चौकात आला. लेलंड तिचा एकुलता एक मुलगा, रॅले शहरात विमा कंपनीत. वकिलाकडे जायचं होतं. एका लाकूड कंपनीला सगळी जमीन हवी होती, घरासकट. घर पाडून तिथे पाइनची झाडं लावणार होते. लेलंडने आईसाठी रॅलेला स्वतःच्या घरामागे दोन खोल्या करून ठेवल्या होत्या, त्याच्या बायकोने पडदेसुद्धा शिवले होते. पोरगा वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती.

अख्ख्या काउंटीची मृत्युपत्रं वाचलेल्या बाईच्या नवऱ्याने स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. "करू की, एवढी काय घाई," असं तो तीस वर्षं म्हणाला. त्यामुळे जमीन गेली लेलंडकडे आणि विधवेचा तिसरा हिस्सा, ती जगेल तोवर, आर्डिथकडे. राजा गेला तरी तो कायदा तसाच होता. तिच्या सहीशिवाय कंपनी जमिनीला हात लावणार नव्हती.

ते लवकर पोचले होते. लेलंड केस कापायला गेला. आर्डिथचे पाय सवयीने तळघराकडे वळले.

खाली सगळा राडा होता. आठवड्यापूर्वी पाण्याचा पाइप फुटला होता आणि शंभर वर्षं कुणी न उघडलेली सुट्या कागदांची गाठोडी भिजली होती. कोरीन जेटर ते कागद वर्तमानपत्रांवर पसरून वाळवत होती. कोरीन कारकून, काळी, आर्डिथच्याच वयाची. इतकी वर्षं त्या तळघरात एकमेकींच्या थर्मासमधली कॉफी पिऊन दोघींचं सूत जमलेलं.

"आलीस? मला वाटलं, मेलेल्यांना विसरलीस," कोरीन म्हणाली.

"लेलंडचे केस कापून होईपर्यंत आलेय."

"मग उभी काय राहिलीस? त्या टेबलावरचे कागद उलटे करायचेत. जपून हं, फाडलंस तर तुलाही वाळत घालीन."

आर्डिथ एकेक कागद उलटायला लागली. कुणाचा समन्स, कुणाच्या डुकराचं भांडण. पाचवा की सहावा कागद उलटला आणि 'मॅक्लिन' दिसलं. तिने चष्मा वर केला, भिंग पर्समध्ये होतं ते काढलं. १७६३ च्या त्याच खरेदीखतासाठी दोन मॅजिस्ट्रेटना दिलेला हुकूम होता. मागच्या बाजूला त्यांनी परत पाठवताना लिहिलं होतं:

"आम्ही सदर ड्रुरी मॅक्लिन यांच्या घरी गेलो. त्यांना अंगणात पाठवून त्यांची पत्नी केझाया हिला एकटीला विचारले की, तिचे वडील एम्ब्रोज टन्स्टॉल यांनी मृत्युपत्राने तिला दिलेली ही जमीन विकण्यास तिची राजीखुशीने संमती आहे काय. ती नाही म्हणाली. पुन्हा विचारले. पुन्हा नाही म्हणाली."

नकार वहीत उतरवून कुणाला काय करायचं होतं? कारकुनाने कागदाची घडी घातली आणि गाठोड्यात कोंबला. केझाया मेली नव्हती. तिने सही केली नव्हती, एवढंच.

आर्डिथने कागद कोरीनपुढे धरला. कोरीनने ओठ हलवत वाचला, मग तिच्याकडे पाहिलं.

"एम्ब्रोज टन्स्टॉल! अगं, सापडला की तुझ्या केझायाचा बाप! ओरड ना! सापडला की छप्पर उडवीन म्हणायचीस."

"हो, म्हणायचे."

"मग?"

"आवाजच फुटत नाही गं," आर्डिथ म्हणाली. ती खरंच आनंदाची वाट बघत उभी होती. बस यायच्या थांब्यावर उभं राहावं तशी. आनंद काही आला नाही.

कोरीनने कागद पुन्हा वर्तमानपत्रावर ठेवला. "भाग्याची म्हणायची. तिला निदान विचारलं तरी. ह्याच एम्ब्रोजबाबाच्या मृत्युपत्रात माझीही माणसं असतील बघ, मालमत्तेच्या यादीत, गुलाम म्हणून. पिसांची एक गादी, दोन गाई आणि जूडिथ नावाची मुलगी. त्या जूडिथला कुणी बाजूला घेऊन विचारलं असेल, बाई, तुझी राजीखुशी आहे ना?"

आर्डिथने तसली मृत्युपत्रंही शेकडो वाचली होती. गादी आणि गाई यांच्यामधली ती नावं ओलांडून ती मॅक्लिन शोधत गेली होती. तिला लाज वाटली, पण तीसुद्धा लांबून, दुसऱ्या कुणाची असावी तशी.

"आज वर काय काम आहे?" कोरीनने विचारलं.

"सही करायचीय. घराच्या कागदावर."

"विकताय?"

"लेलंड म्हणाला, मला तिकडे बरं पडेल."

"म्हणाला ते ठीक. तुला विचारलं का?"

आर्डिथने आठवून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर बोलणं झालं होतं, सून बोलली होती, पडद्यांचा रंग कोणता हवा ते विचारलं होतं. निळा, असं तिने सांगितलं होतं.

"पडद्यांचं विचारलं," ती म्हणाली.

कोरीन हसली नाही.

वकील हार्लन विंबिशचं ऑफिस चौकापलीकडे. हार्लन एकेकाळी आर्डिथच्याच बसमधून शाळेत जायचा आणि वळणावर हमखास ओकायचा. आता टाय लावून बसला होता, पण तोंडात अजून बसमधलंच 'मिस आर्डिथ' होतं.

"या, मिस आर्डिथ, बसा. कॉफी सांगू?"

"नको."

"आई, हे बघ, मी खुणा करून ठेवल्यात," लेलंड म्हणाला. ताज्या कापलेल्या केसांमुळे त्याचे कान लहान मुलासारखे दिसत होते. "इथे, इथे आणि शेवटच्या पानावर. दोन मिनिटांचं काम."

तिने पेन हातात घेतलं. नाव लिहायला हात पुढे झालाच होता. मग ती थांबली आणि पेन कागदाच्या बाजूला ठेवलं.

"हार्लन, लेलंडला जरा बाहेर पाठव."

"म्हणजे?"

"बाहेर पाठव आणि मला एकटीला विचार. राजीखुशीने हक्क सोडतेय का म्हणून."

हार्लन हसला. "मिस आर्डिथ, ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली."

"मला नको शिकवू. मोडली असेल. तू विचार."

"आई, मी काय परका आहे का?" लेलंडचा आवाज चढला. "सहा महिने तुझ्यासाठी धावतोय मी. मला बाहेर काढतेस?"

"परका नाहीस, म्हणूनच बाहेर जा."

तो गेला. दार जरा जोरातच लागलं. खिडकीतून तो दिसत होता, गाडीला टेकून, दोन्ही हात मागच्या खिशात घालून. एल्डन असाच उभा राहायचा, लिलावात तंबाखूला भाव येईना तेव्हा. आर्डिथच्या छातीत काहीतरी दुखलं. चांगलंच दुखलं.

हार्लन उगाच उभा राहिला, टाय सारखा केला. "मिसेस आर्डिथ ग्रेव्हली, या जमिनीवरचा आणि घरावरचा आपला तिसरा हिस्सा आपण राजीखुशीने, कुणाच्या धाकाने किंवा आग्रहाने नव्हे, सोडत आहात काय?"

खरं सांगायचं तर तिला उत्तर ठाऊक नव्हतं. रॅलेला जाणं शहाणपणाचं होतं. त्या मोठ्या घरात ती एकटी, हिवाळ्यात पाइप गोठायचे, कोठाराकडे तर तिने नोव्हेंबरपासून पाहिलंही नव्हतं. हो म्हणायलाच तिने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली.

आवाज इतका मोठा निघाला की बाहेरच्या टाइपरायटरची टकटक थांबली.

हार्लन हळूच म्हणाला, "पुन्हा विचारू?"

"विचार. दोनदा विचारायचं असतं."

त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा नाही म्हटलं. या वेळी तिचं नाक वाहत होतं, गळ्यापर्यंत सगळं ओलं झालं होतं आणि पर्समध्ये भिंगाशिवाय काही सापडत नव्हतं. हार्लनने खिशातला रुमाल दिला.

"मग आता हे कागद फाडू?" त्याने विचारलं.

"फाडू नकोस. त्यावर लिही. बाईला एकटीला विचारलं, दोनदा विचारलं, ती नाही म्हणाली. खाली तुझी सही कर, तारीख घाल. आणि नुसतं खणात टाकू नकोस. कोर्टाच्या वहीत उतरवायचं, कोरीन करून देईल. नाहीतर उद्या माझ्या वंशातलं कुणी शोधत आलं तर मला आजच्या तारखेला मेलेली धरतील."

हार्लन खरंच लिहायला बसला. तिने ते पान मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

ती बाहेर आली तेव्हा लेलंडने तिच्या हातातला रुमाल पाहिला, लाल नाक पाहिलं, आणि भांडायला म्हणून तयार ठेवलेलं सगळं विसरला.

"काय झालं, आई?"

"सही नाही केली."

तो बुटाच्या टोकाने खडे उडवत राहिला. "मग आता?" त्याने विचारलं.

"आता कुठेतरी जेवायला चल," आर्डिथ म्हणाली. "मला भूक लागलीय."